घराचं आतलं काम कंपाउंडच्या बाहेरून सुरू होतं

"ओ, पुट्टी-रंगाचा स्क्वेअर फुटाला रेट काय?" मला येणाऱ्या बहुतेक फोनांची सुरुवात अशीच असते. रेट सांगण्याआधी मी उलट विचारतो: घराच्या मागं चढ आहे की सपाट? माती तांबडी की काळी? पश्चिमेला कुठली खोली आहे? गच्चीवर पाणी साठतं का? समोरच्याला वाटतं, हा रंग लावणार आहे की पंचनामा करणार आहे.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. गवंड्याच्या हाताखाली राबत शिकलो, आता जागेची माती धरण्यापासून आतल्या शेवटच्या हातापर्यंतची कामं घेतो. आमच्याकडे ही कामं तीन वेगवेगळ्या माणसांना द्यायची पद्धत आहे, आणि ती तिघं एकमेकांशी कधी बोलत नाहीत. जेसीबीवाला चढ कापून निघून जातो. वॉटरप्रूफिंगवाला गच्चीवर काहीतरी फासून जातो. दोन पावसाळ्यांनी हॉलच्या भिंतीला पोपडे आले की शिव्या बसतात रंगाऱ्याला. त्याचा दोष क्वचितच असतो. भिंतीत पाणी कुठून शिरतं आणि ऊन कुठून उतरतं हे आधी ठरवलं नाही, तर महागातला रंगही तग धरत नाही.

आधी आपला भाग ओळखा

बेळगाव जिल्ह्यात घर बांधायचं म्हणजे नेमकं कुठं, हे आधी सांगायला लागतं. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला आणि जांबोटीच्या पट्ट्यात बेळगाव शहराच्या दुपटीहून जास्त पाऊस पडतो. अथणीकडे गेलात तर शहराच्या निम्म्यावर. खानापुरात तांबडी माती आणि जांभा, तर बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडे काळी. एकाच जिल्ह्यात एका टोकाला भिंतीला शेवाळ धरतं आणि दुसऱ्या टोकाला मे महिन्यात गच्चीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही. त्यामुळे कोल्हापूरच्या पाहुण्यानं किंवा पुण्यातल्या जावयानं त्यांच्या घराला काय केलं, ते तसंच उचलू नका.

कृष्णेच्या आणि दूधगंगेच्या काठच्या गावांचं आणखी वेगळं. तिथं 2005, 2019 आणि 2021 साली पाणी कुठवर आलं होतं ती खूण गावातल्या जुन्या भिंतींवर शोधा आणि जोत्याची उंची त्यावरून ठरवा. बाकी ठिकाणी जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान दीड फूट वर. रस्ता पुढं डांबरानं वाढणार, हेही धरून चाला. दर डांबरीकरणाला रस्ता वर येतो, घर काही वर येत नाही.

माती धरणं

आमच्याकडे माती धुपते ती वळवात आणि घसरते ती आषाढात. दोन्हीची कारणं वेगळी, उपायही वेगळे.

एप्रिल-मे महिन्यात प्लॉट मोकळा, गवत वाळलेलं, जेसीबीनं माती नुकतीच उकरलेली. तेवढ्यात वळीव येतो, तासाभरात टपोरे थेंब झोडपून जातात आणि वरची सुपीक माती खालच्या शेतात किंवा गटारात जाऊन बसते. यावर उपाय स्वस्त आहेत, फक्त खोदाईच्या आधी करायला लागतात. पहिल्या दिवशी वरची अर्धा फूट माती वेगळी काढून एका कोपऱ्यात ढीग करून ठेवा, पुढं बागेला तीच लागते. ढीग उताराच्या खालच्या अंगाला किंवा नाल्याच्या तोंडाला नको. त्यावर ताडपत्री, कडेनं दगड. प्लॉटच्या वरच्या बाजूला आडवा चर मारून वरून येणारं पाणी बाजूनं काढून द्या. खालच्या कडेला असलेलं गवत काढू नका, दोन हात रुंदीची पट्टी तशीच ठेवली तरी गढूळ पाण्यातला बराच गाळ तिथं अडकतो. सगळा प्लॉट एकदम सोलून काढायचा मोह जेसीबीवाल्याला होतो, कारण त्याचं भाडं तासावर असतं. त्याला चुन्यानं आखून द्या: एवढंच, याच्या पलीकडे नाही.

उघडा पडलेला उतार झाकायला बाजारात काथ्याची जाळी मिळते. चांगली असते, दोन-तीन वर्षांत कुजून मातीत मिसळते आणि तोवर गवत धरतं. पण हुक्केरी, चिकोडी, रायबाग म्हणजे उसाचा मुलूख. तिथं उसाचा पाला लोक जाळतात. तोच पाला उतारावर वीतभर जाड पसरा, वर सुतळी ताणून खुंट्या मारा. पावसाचा मार पाल्यावर बसतो, मातीवर नाही.

कायमचं काम करायचं असेल तर वाळा लावा. मृगाचा पाऊस स्थिरावला की उताराला आडव्या ओळीत, दोन रोपांत वीतभरापेक्षा कमी अंतर. दोन ओळींमध्ये उंचीचा फरक साधारण तीन फूट. वाळ्याची मुळं सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत, आणि आडवी पसरून भिंतीला त्रास देत नाहीत. पहिल्या उन्हाळ्यात गुरं आत येणार नाहीत एवढं बघा.

आता आषाढ. खानापूर भागात जांभा कापला की कडक उभा राहतो, म्हणून लोक सरळ उभी कडा कापतात आणि खूश होतात. जांभ्याच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी पांढरी-गुलाबी चिकट माती असते. ती सलग पावसात भिजली की साबणासारखी होते, आणि वरचा कडक थर तिच्यावरून सरकतो. कापलेल्या कडेच्या पायथ्याशी ही माती दिसली तर उभी कडा ठेवू नका. एक फूट उंचीला दीड ते दोन फूट मागं, असा उतार द्या. तेवढी जागा नसेल तर भिंत.

भिंत तीन फुटांपर्यंत असेल तर आपला जुना गडगा उत्तम. कोरडा रचलेला, खाली रुंद, वर निमुळता, मातीकडे थोडा कललेला. पायाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको. गडग्याला पाणी अडवता येत नाही, आणि तोच त्याचा गुण. सिमेंटमध्ये बांधलेली भिंत पाणी मागं साठवते आणि पहिल्या मोठ्या पावसात पोट काढते. ती बांधायची तर दर चार-पाच फुटांवर तीन-चार इंची पाइप बाहेरच्या बाजूला उतरता बसवा, भिंतीच्या मागं हातभर जाडीची खडी भरा आणि खडी व माती यांच्यात जिओटेक्सटाइलचं, म्हणजे पाणी सोडणारं पण माती अडवणारं, कापड घाला, नाहीतर दोन वर्षांत भोकं गाळानं बुजतात. पाच-सहा फुटांपुढची भिंत गवंड्याच्या अंदाजावर बांधायची नसते. तिथं इंजिनिअरला पैसे द्या. माझ्यासारख्याचं ऐकू नका.

काळ्या मातीत चढ नसतो म्हणून माणसं निर्धास्त असतात. पण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघाली, दर उन्हाळ्यात रुंद झाली आणि पावसात मिटली, तर ते पुट्टीचं काम नव्हे. पाया किती खोल, मुरूम किती भरायचा, की अंडर-रीम्ड पाइलच (जमिनीत खोल नेलेले, खाली फुगीर काँक्रीटचे खांब) हवेत, हे बांधायच्या आधी माती तपासून ठरवायचं. घर उभं असेल तर निदान एवढं करा: जोत्याभोवती तीन फुटांचा फरशीचा किंवा काँक्रीटचा पट्टा, बाहेर उतार दिलेला; पागोळ्या आणि बाथरूमचं पाणी पाइपनं लांब; आणि भिंतीला चिकटून मोठं झाड नाही. मातीतली ओल वर्षभर जितकी एकसारखी राहील, तितक्या चिरा कमी.

वाळवीसाठी पाया भरतानाच औषध मारून घ्या. त्यासाठी आयएस 6313 हे मानक आहे, कंत्राटात तो आकडा लिहा. फरशी बसल्यावर भोकं पाडून मारणं महागात पडतं, आणि लाकडी चौकट तोवर पोकळ झालेली असते.

पश्चिमेची भिंत

पश्चिमेची भिंत दोन्हीकडे नडते. खानापुरात पावसाची झड तिच्यावर बसते, अथणी-गोकाकात दुपारचं ऊन. मी नकाशा बघताना आधी तीच शोधतो. तिथं जिना, बाथरूम, कोठी असलं काही घ्या. देवघर आणि झोपायची खोली शक्यतो नको. वास्तुशास्त्रवाला वेगळं सांगत असेल तर त्याला जुलैमध्ये कणकुंबीला घेऊन या.

छज्जा दोन फुटांहून आखूड नको. छज्ज्याच्या खालच्या कडेला बोटभर खाच ठेवा म्हणजे पाणी तिथंच तुटून पडतं, भिंतीकडे सरकत नाही. एवढीशी खाच, पण सेंट्रिंग करतानाच आठवण केली नाही तर कुणी ठेवत नाही. बाहेरचा गिलावा दोन हातांत, एकूण पाऊण इंच, एकास चार (सिमेंट एक, वाळू चार). झडीच्या बाजूला त्यात वॉटरप्रूफिंगचं औषध.

भिंतीतच उष्णता अडवायची असेल तर तीन वाटा. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेचे बारीक बुडबुडे असलेले सिमेंटचे ठोकळे, हलके असतात आणि विटेपेक्षा उष्णता बरीच कमी आत सोडतात. पूर्वेकडच्या तालुक्यांत मी तेच सुचवतो. फक्त त्यांना पाणी जास्त शोषायची सवय असते, म्हणून झडीच्या भागात बाहेरच्या गिलाव्यात कंजुषी चालत नाही. दुसरी वाट रॅट-ट्रॅप जोडाईची: विटा कडेवर उभ्या करून मधे पोकळी ठेवायची. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात ती लोकप्रिय केली. विटा साधारण पाव हिश्शानं वाचतात आणि मधली हवा ऊन अडवते. आमचे गवंडी मात्र नाक मुरडतात. वेळ जास्त लागतो, आणि त्यांची मजुरी भिंतीच्या मापावर. मजुरी वाढवून द्या, मग करतात. तिसरी वाट जुनीच, जाड जांभ्याची भिंत.

जुन्या मातीच्या किंवा जांभ्याच्या घराला सिमेंटचा गिलावा आणि वर प्लास्टिक पेंट करायला लोक मला बोलवतात, तेव्हा मी काम घेत नाही. जमिनीतून वर चढलेली ओल त्या भिंतीतून बाहेर हवेत जात असते. सिमेंटनं तिची वाट बंद केली की ती आतून लोणा (क्षारांचा पांढरा थर) लावते आणि दोन-तीन वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. स्वस्त दिसते, पण टिकते.

छत

सगळ्यात जास्त ऊन वरून येतं, आणि सगळ्यात जास्त भांडणंही गच्चीवरून.

खानापूर भागात माझं पहिलं उत्तर एकच: स्लॅबच्या वर उंचावर शेड, बाजू उघड्या. पत्रा चालेल, मंगळुरी कौलं त्याहून बरी. खानापूरच्या मातीत विटा-कौलांची जुनी परंपरा आहे, तिचा उपयोग करा. स्लॅब पावसात भिजत नाही, उन्हात तापत नाही, मधून वारा खेळतो, कपडे वाळतात आणि सुपारी-मिरच्याही. परवानगीचं आधी विचारून घ्या, आणि खांब स्लॅबच्या तुळईवर नटबोल्टनं नीट आवळा. वळवाचा वारा पत्रे शेजाऱ्याच्या अंगणात नेऊन टाकतो.

पूर्वेकडे ब्रिकबॅट कोबा. विटांचे तुकडे, सरासरी चार इंच जाडी, पाणी वाहायच्या तोंडाकडे दहा फुटाला सव्वा इंच उतार. कठडा आणि गच्ची जिथं भेटतात तिथं काटकोन ठेवू नका, गोलाई द्या आणि ती कठड्यावर फूटभर चढवा. गळती बहुतेक तिथूनच होते, मधून नाही. काम झालं की पन्हाळीची तोंडं बांधून दोन दिवस पाणी उभं करून ठेवा. खालच्या खोलीतलं छत कोरडं राहिलं तरच पुढचा हप्ता द्या. कोब्यावर पांढऱ्या तुकड्यांची मोझॅक फरशी घातली तर ऊन परतवून लावते. ते जमत नसेल तर चुना, पांढरं सिमेंट आणि थोडा फेविकॉल कालवून शिमग्याच्या सुमारास दोन हात. दर वर्षी करायला लागतं, पण कूलरच्या बिलापेक्षा परवडतं.

पत्र्याच्या घराला खाली काय लावायचं हा प्रश्न नेहमी येतो. ग्लासवूल कोरड्या भागात छान काम देतं. खानापूरच्या चार महिन्यांच्या दमट हवेत पत्र्याच्या आतून दव धरतं, ग्लासवूल भिजतं, भिजलं की उष्णता अडवायचं सोडतं आणि जड होऊन लोंबकळतं. तिथं पाणी न पिणाऱ्या फोमची शीट, किंवा आत फोम भरलेलं पफ पॅनेल. चंदेरी फॉइलवाली शीट घेतलीत तर तिची चंदेरी बाजू आणि पत्रा यांच्यात किमान इंचभर मोकळी हवा ठेवा. पत्र्याला चिकटवून लावलेली फॉइल शोभेची.

आता आत या

आतलं काम करताना क्रम मोडू नका. नळाचे पाइप आणि विजेच्या झिऱ्या आधी, पाइपांची प्रेशर टेस्ट, मग गिलावा. बाथरूमला औषध मारून तिथंही पाणी उभं करून बघायचं, त्यानंतर फरशी, मग पुट्टी, प्रायमर, पहिला हात. शेवटचा हात सुतार आणि इलेक्ट्रिशियन बाहेर गेल्यावरच. "वास्तुशांत ठरलीया, आधी हॉल तेवढा करून द्या की" असं म्हणणाऱ्या काकांना मी हॉल करून देतो, पण शेवटच्या हाताचा डबा गाडीतून काढत नाही.

गिलाव्याची वाळू तपासायला प्रयोगशाळा नको. काचेच्या बरणीत अर्ध्यापर्यंत वाळू, वर पाणी, चमचाभर मीठ, खळखळून हलवा आणि तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या शंभरात आठहून जास्त असेल तर ती वाळू परत. एम सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, घ्यायची तर गिलाव्यासाठी वेगळी बारीक येते, तीच मागा. काँक्रीटची वापरली तर भिंत खरखरीत होते आणि तेवढी पुट्टी जास्त जाते.

काँक्रीटचा खांब आणि विटेची भिंत जिथं जोडतात तिथं सरळ उभी चीर येणारच, कारण दोघं वेगवेगळे तापतात. सांध्यावर फूटभर रुंदीची जाळी खिळ्यांनी ताणून मग गिलावा करा. आतला गिलावा अर्धा इंच, एकास सहा. छताला पाव इंच, एकास चार, आणि आधी छिन्नीनं टोचे पाडून. त्यानंतर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी. पाणी मारायचं काम वॉचमनवर सोडू नका, एकदा दुपारी न सांगता जा आणि भिंतीला हात लावून बघा.

जिप्समच्या गिलाव्याला पाणी मारायला लागत नाही, अर्ध्या तासात आवळतो, भिंत आरशासारखी सपाट येते. अथणी, रायबागकडे उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तिथं हा फार सोयीचा. बाथरूम, स्वयंपाकघराची ओटा-भिंत आणि झडीकडची बाहेरची भिंत मात्र त्यातून वगळा. फॉल्स सीलिंगचंही तेच. खानापुरात जिप्सम बोर्ड लावायचा हट्टच असेल तर ओल सोसणारा घ्या, आणि वरची गच्ची एक पावसाळा कोरडी राहिल्यावरच लावा. एकदा सीलिंग झालं की गळती कुठून आहे ते दिसत नाही, फक्त डाग दिसतो.

नवा सिमेंटचा गिलावा रंगाआधी चार आठवडे वाळू द्या. वाळला की नाही ते असं बघा: दीड फूट चौरस जाड प्लास्टिक भिंतीला लावून चारही कडा चिकटपट्टीनं घट्ट बंद करा, एक रात्र ठेवा. सकाळी आतल्या बाजूला बाष्प धरलं असेल किंवा भिंत काळपट झाली असेल तर डबा उघडू नका. जोत्याजवळ एकदा आणि छातीच्या उंचीवर एकदा, दोन ठिकाणी बघा. फक्त खाली ओल असेल तर ती जमिनीतून येते, दोष रंगात नाही, बाहेरच्या पट्ट्यात किंवा जोत्याच्या डीपीसीत, म्हणजे ओल अडवणाऱ्या थरात, आहे. दोन्हीकडे असेल तर भिंत अजून ओलीच आहे, थांबा.

गणपतीच्या आधी घर रंगवायची आपल्याकडे रीत आहे. मूर्ती येणार, पाहुणे येणार, भिंत मळकी कशी दिसेल. पण श्रावण-भाद्रपदात खानापूर-बेळगावकडे हवेतच पाणी असतं. रंग वरून वाळतो, आतून नाही, आणि दसऱ्यापर्यंत फुगे येतात. मी वैनींना सांगतो, गणपतीच्या खोलीला चुना किंवा डिस्टेंपरचा एक हात मारून देतो, बाकीचं घर दिवाळीच्या आधी नाहीतर सरळ फेब्रुवारीत. निम्म्या वैनी ऐकतात. उरलेल्यांच्या घरी मला दोनदा काम मिळतं.

कंत्राट करताना तिन्ही कामं एकाच कागदावर लिहा, वेगवेगळी माणसं असली तरी: कुणी चर मारायचा, गच्चीचं पाणी कोण उभं करून दाखवणार, प्लास्टिक लावून भिंत कोण बघणार, आणि एकाचं काम तपासल्याशिवाय दुसऱ्यानं सुरू करायचं नाही. बिलातली थोडी रक्कम पहिला पूर्ण पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा आणि ते आधीच लिहून सही घ्या. चांगला कंत्राटदार कुरकुर करेल, पण सही करेल. पावसाळा संपला आणि भिंत कोरडी निघाली की ती रक्कम लगेच द्या. दसऱ्याला पैसे मागायला लोकांच्या दारात उभं राहणं आम्हाला आवडत नाही.